पंक्चरनंतरचा एक तास : रन-फ्लॅट टायर घ्यावेत की नाही?



दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून गाड्या निघतात. कोणी नाशिकला आजीकडे, कोणी पुण्याला लग्नाला, कोणी पंढरपूरला दर्शनाला. पूर्वी हा प्रवास रेल्वेने नाहीतर रात्रीच्या बसने होत असे. आता बहुतेकांकडे घरची गाडी आहे. मानपूर, धामनोद, सेंधवा, बिजासनचा घाट, शिरपूर, धुळे अशी या आग्रा-मुंबई रस्त्याची नावे आपल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत.

या वर्षी नवी गाडी घेऊ पाहणाऱ्या काही पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "सर, शोरूमवाले म्हणतात की या गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत, पंक्चर झाले तरी गाडी चालत राहते, म्हणून स्टेपनी दिलेली नाही. हे खरे आहे का? अशी गाडी घ्यावी का?" मी विज्ञानाचा माणूस, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला असावा. उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही, कारण त्यात विज्ञान आहे, पैसा आहे आणि रात्री-अपरात्री रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या कुटुंबाची सुरक्षितताही आहे. म्हणून हा लेख.

टायरमधील हवा काय काम करते?

आधी थोडे भौतिकशास्त्र. माझी पदवी हिंदी माध्यमातून झाली. मराठी शाळेत शिकवायला आलो तेव्हा काही पारिभाषिक शब्द नव्याने शिकावे लागले. हिंदीतील 'घनत्व' मराठीत 'घनता' होते. परंतु आजच्या विषयाचे दोन मुख्य शब्द, 'दाब' आणि 'घर्षण', दोन्ही भाषांत एकच आहेत. तेव्हा सुरुवात दाबापासूनच करू.

पुष्कळांना वाटते की गाडीचे वजन टायरचे रबर पेलते. तसे नाही. वजन मुख्यतः पेलते ती आतली दाबलेली हवा. रबराचे काम त्या हवेला कोंडून ठेवण्याचे आणि रस्त्याला धरून ठेवण्याचे. एक सोपे गणित करू. माणसे धरून गाडीचे वजन १२०० किलो आहे असे माना. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ३०० किलो. पेट्रोल पंपावर आपण ३२ पौंड हवा भरतो, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतो. आता ३०० ला सव्वादोनने भागा. उत्तर येते सुमारे १३३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम मोठ्या माणसाच्या तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. अशा चार तळहातांवर आपले सगळे कुटुंब ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असते.

खिळा घुसला आणि हवा गेली की काय होते? तेच ३०० किलो टायरच्या दोन बाजूंच्या पातळ भिंतींवर येतात. या भिंतीला साइडवॉल म्हणतात. ती लवचिक राहावी अशीच बनवलेली असते, कारण खड्ड्याचा धक्का तिनेच सोसायचा असतो. हवा नसताना ती दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडली जाते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पुन्हा पुन्हा वाकते. लोखंडी तार एकाच जागी दहा-वीस वेळा वाकवून पाहा, ती जागा गरम लागेल. टायरचेही तसेच होते. उष्णता वाढते, रबराचे थर सुटू लागतात आणि थोड्याच अंतरात टायरच्या चिंध्या होतात. वेग जास्त असेल तर गाडी एका बाजूला ओढली जाते. खरा धोका तो आहे.

रन-फ्लॅट म्हणजे नेमके काय?

हवेशिवाय काही अंतर चालू शकेल असा टायर म्हणजे रन-फ्लॅट. आज बाजारात जो प्रकार सर्वांत जास्त दिसतो, त्यात साइडवॉलच्या आत उष्णता सहन करणाऱ्या कडक रबराचा जाड थर घातलेला असतो. हवा गेली तरी ही जाड भिंत दुमडत नाही, गाडीचे वजन काही काळ स्वतः पेलते. साधा टायर म्हणजे हवेच्या जोरावर उभा राहिलेला तंबू आणि रन-फ्लॅट म्हणजे बांबू लावलेला तंबू, असे म्हणता येईल.

दुसऱ्या प्रकारात टायरच्या आत रिमभोवती एक कडक कडे बसवलेले असते. हवा गेली की टायर त्या कड्यावर टेकतो. चिलखती आणि लष्करी गाड्यांमध्ये अशा आधाराचा उपयोग करतात.

तिसरा प्रकार स्वतःच भोक बुजवणारा टायर. त्याच्या आतल्या बाजूला चिकट लेप असतो. खिळा घुसला की लेप त्याभोवती चिकटतो आणि हवा जात नाही. हा टायर उपयोगी आहे, परंतु तो रन-फ्लॅट नव्हे. त्यातली हवा एकदा गेली की तो साध्या टायरसारखाच बसतो. विक्रेते कधी कधी दोन्हींचे नाव एकाच दमात घेतात, म्हणून हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा.

आपल्या गाडीला रन-फ्लॅट आहेत की नाहीत हे टायरवरच लिहिलेले असते. निरनिराळ्या कंपन्यांची अक्षरे वेगळी. ब्रिजस्टोन 'आरएफटी' लिहिते, कॉन्टिनेंटल 'एसएसआर', गुडइयर 'आरओएफ' आणि मिशेलिन 'झेडपी'. झेडपी म्हटले की महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांना जिल्हा परिषद आठवेल, पण इथे त्याचा अर्थ 'झीरो प्रेशर', म्हणजे शून्य दाब, असा आहे.

ही कल्पना जुनीच आहे

हवेचा टायर प्रथम स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ साली पेटंट केला, पण तो त्या काळी चालला नाही. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉईड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला आणि मग जगभर पसरला. हवेचा टायर आला, त्याबरोबर पंक्चरही आले. तेव्हापासून त्यावर तोड शोधणे चालू आहे.

१९७२ साली डनलॉप कंपनीने 'डेनोव्हो' नावाचा टायर आणला. त्यात टायरच्या आत वंगणाच्या छोट्या डब्या होत्या. हवा गेली की त्या फुटत आणि आतले घर्षण कमी होई. युक्ती चांगली होती, पण महाग पडली आणि फारशी पसरली नाही. १९९० नंतर अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट या गाडीला गुडइयरचे जाड भिंतीचे टायर मिळू लागले. २००० नंतरच्या दशकात जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने आपल्या पुष्कळ गाड्यांना असे टायर दिले. भारतात या गाड्यांची संख्या वाढली तेव्हा आपल्यालाही या टायरची ओळख झाली.

यातली एक हकिकत पालकांनी मुद्दाम वाचावी. मिशेलिनने 'पॅक्स' नावाची पद्धत काढली होती. रिमवर आधाराचे कडे आणि त्याला जुळणारा खास टायर. हवा गेल्यावरही गाडी सुमारे २०० किलोमीटर जाऊ शके. २००५ च्या सुमारास अमेरिकेत होंडाच्या एका कुटुंबाच्या गाडीला ती दिली गेली. तंत्र म्हणून ते उत्तमच होते. अडचण पुढे आली. टायर झिजल्यावर बदलायला खास यंत्र लागे, ते थोड्याच दुकानांत असे, टायर महाग आणि दुसऱ्या कंपनीचा बसत नसे. ग्राहक कोर्टात गेले आणि थोड्याच वर्षांत मिशेलिनने ही पद्धत पुढे वाढवणे थांबवले. टायर चांगला असून भागत नाही, तो उतरवणारा आणि बसवणारा कारागीरही वाटेवर असावा लागतो. आपण इंदूरहून धुळ्याकडे निघतो तेव्हा हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

फायदे

पहिला आणि सर्वांत मोठा फायदा सुरक्षिततेचा. वेगात असताना एकदम हवा गेली तरी रन-फ्लॅट टायर रिमवरून निसटत नाही, त्यामुळे गाडी हातात राहते. घाटाच्या उतारावर, डाव्या बाजूला ट्रक आणि मागे बस असताना याची किंमत पैशात करता येत नाही.

दुसरा फायदा म्हणजे रस्त्याच्या कडेला चाक बदलावे लागत नाही. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणून उजवे चाक पंक्चर झाले तर बदलणाऱ्याची पाठ धावत्या वाहनांकडे असते. रात्र असेल, पाऊस असेल, गाडीत एकटी महिला किंवा फक्त वृद्ध मंडळी असतील, तर त्या जागी न थांबता पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत किंवा ढाब्यापर्यंत जाता येणे ही मोठी सोय आहे. पाना फिरवण्याइतकी ताकद सगळ्यांच्या हातात नसते.

तिसरा फायदा जागेचा. स्टेपनी, जॅक आणि पाना नसल्याने डिक्कीत जागा होते आणि गाडीचे काही वजन वाचते. मात्र रन-फ्लॅट टायर स्वतः साध्या टायरपेक्षा जड असतो, त्यामुळे वाचलेल्या वजनातला काही भाग चारही चाकांवर परत चढतो.

तोटे

पहिला तोटा किंमत. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा रन-फ्लॅट बराच महाग असतो. गाडी घेताना तो किमतीत मिसळलेला असल्याने जाणवत नाही. तीन-चार वर्षांनी चार टायर एकदम बदलण्याची वेळ येते तेव्हा जाणवतो.

दुसरा तोटा धक्के. जाड भिंत हवा नसताना वजन पेलते, तीच भिंत हवा असताना खड्ड्याचा धक्का कमी सोसते. म्हणून अशी गाडी थोडी कडक वाटते. पाठीचे दुखणे असलेल्या आजोबांना हा फरक लगेच कळेल. जोराचा खड्डा लागला तर धक्का सरळ रिमपर्यंत जातो आणि रिम वाकण्याची किंवा तडकण्याची भीती असते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर रस्त्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको.

तिसरा तोटा दुरुस्तीचा. साध्या ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर चौराह्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत पट्टी घालून देतो आणि काम स्वस्तात होते. रन-फ्लॅटचे तसे नाही. हवा नसताना तो चालवला असेल तर आतली भिंत भाजलेली असू शकते आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून काही कंपन्या दुरुस्ती करूच नका म्हणतात, तर काही ठराविक अटींवर परवानगी देतात. पुष्कळदा एका खिळ्यापायी नवा टायर घ्यावा लागतो. शिवाय तो कडक असल्यामुळे लोखंडी पहारी घालून उतरवता येत नाही, त्याला चांगले यंत्र लागते.

चौथा तोटा ज्याची फार कमी लोकांना कल्पना असते. रन-फ्लॅटमधली हवा गेली तरी चालवणाऱ्याला सहसा कळत नाही, कारण गाडी तशीच चालत राहते. म्हणून अशा गाडीत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा असणे आवश्यकच आहे. ही यंत्रणा दोन प्रकारची असते. एकीत प्रत्येक चाकात दाब मोजणारा छोटा सेन्सर असतो. दुसरी चाकांच्या फेऱ्या मोजते, कारण हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या थोडी कमी होते आणि तेवढ्याच अंतरात ते जास्त फेरे घेते. मुलांनो, परिघाचे सूत्र कुठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्यांसाठी हे एक उत्तर! डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि त्याकडे दुर्लक्ष केले, तर रन-फ्लॅटचा सगळा फायदा वाया जातो.

ऐंशी किलोमीटरचे गणित

आता मुख्य मुद्दा. "पंक्चर झाले तरी गाडी चालत राहते" हे वाक्य अर्धे आहे. पूर्ण वाक्य असे : हवा पूर्ण गेल्यावर साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने नाही. ८० ला ८० ने भागले की उत्तर येते एक तास. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन आपण पंक्चरपासून सुटका विकत घेत नाही, एक तास विकत घेतो. गाडी भरलेली असेल, ऊन कडक असेल, वेग जास्त असेल, तर हे अंतर कमी होते. म्हणून शहाण्या माणसाने जवळच्या सुरक्षित जागी जाऊन मदत मागवावी, ऐंशीची परीक्षा पाहू नये.

या एका तासाची किंमत काय, हे आपण कोठे आहोत त्यावर ठरते. इंदूरच्या बायपासवर पंक्चर झाले तर एका तासात शहरातल्या कोणत्याही मोठ्या टायरच्या दुकानात जाता येते. उज्जैन पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, देवास त्याहून जवळ. या भागात एक तास पुष्कळ झाला. परंतु हेच सेंधव्याजवळ झाले तर? शिरपूर गाठता येईल. धुळे नव्वद किलोमीटरच्या आसपास आहे, तिथपर्यंत पोहोचण्याचा भरवसा नाही. पोहोचलो तरी आपल्या मापाचा रन-फ्लॅट टायर त्या दिवशी, त्या दुकानात मिळेलच असे नाही. स्टेपनी नाही, म्हणून टायर येईपर्यंत मुक्काम. लग्नाचा मुहूर्त काही टायरसाठी थांबत नाही.

उलट, साध्या टायरच्या गाडीत स्टेपनी असेल तर अर्ध्या तासात चाक बदलून आपण पुढे निघतो आणि पुढच्या गावात पंक्चर काढून घेतो. मात्र तो अर्धा तास रस्त्याच्या कडेला घालवावा लागतो आणि धोका त्याच अर्ध्या तासात असतो. एका बाजूला पहिला तास सुरक्षित पण पुढचा दिवस अनिश्चित, दुसऱ्या बाजूला पहिला अर्धा तास धोक्याचा पण पुढचा प्रवास मोकळा. निवड या दोन गोष्टींमधली आहे.

स्टेपनी नसलेल्या सगळ्या गाड्या रन-फ्लॅटच्या नसतात

येथे पालकांची मोठी गफलत होते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचे किट आणि दाब दाखवणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देणे बंधनकारक राहिले नाही. त्यामुळे आता काही गाड्या, विशेषतः जिथे बॅटरी किंवा सीएनजीच्या टाकीने जागा घेतली आहे अशा, साध्याच टायरच्या असूनही स्टेपनीविना येतात.

किटमध्ये हवा भरायचा छोटा पंप आणि चिकट द्रवाची बाटली असते. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा लागला असेल तर हे किट काम करते. साइडवॉल फाटली, किंवा खड्ड्यात आपटून मोठी चीर गेली, तर त्याचा काही उपयोग नाही. तेव्हा नवी गाडी पाहायला जाल तर रंग आणि गाणी वाजवायची यंत्रणा पाहण्याआधी डिक्कीतला गालिचा उचलून पाहा. खाली स्टेपनी आहे, किट आहे की काहीच नाही? आणि टायरवर कोणती अक्षरे आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे भरू नका.

मग कोणी घ्यावेत?

माझे मत असे आहे. ज्यांचा बहुतेक प्रवास इंदूर, उज्जैन, भोपाळ अशा मोठ्या गावांच्या टापूत असतो, ज्यांना रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवावी लागते, उदाहरणार्थ डॉक्टर मंडळी किंवा शिफ्टमध्ये काम करणाऱ्या महिला, आणि ज्यांना किमतीची फार चिंता नाही, त्यांच्यासाठी रन-फ्लॅट चांगले. त्यांचा तो एक तास खरोखर कामाचा आहे.

ज्या कुटुंबाची गाडी वर्षातून चार वेळा सेंधवा-धुळे मार्गाने महाराष्ट्रात जाते, किंवा खरगोन-बडवानीकडच्या आतल्या रस्त्यांवर फिरते, आणि जिथे महिन्याचा हिशेब बघावा लागतो, त्या कुटुंबाने चांगल्या कंपनीचे साधे ट्यूबलेस टायर आणि हवा भरलेली स्टेपनी असलेली गाडी घ्यावी. आपल्या शाळेतले बहुसंख्य पालक याच गटात मोडतात असे मला वाटते.

ज्यांच्याकडे रन-फ्लॅटची गाडी आधीच आहे त्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेवर आपल्या मापाचा टायर कोठे मिळतो याची फोनवर चौकशी करून ठेवावी. आणि दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशी सरमिसळ करू नये, वळणावर गाडीचा तोल वेगळा लागतो. पुढे साधे टायर बसवायचे ठरवले तर गाडीच्या कंपनीला विचारून चारही एकदम बदलावेत आणि स्टेपनीची किंवा किटची सोय आधी करावी.

कोणताही टायर असो

टायर फुटण्याचे एक मोठे कारण म्हणजे कमी हवा, आणि त्यावरचा उपाय जवळजवळ फुकट आहे. टायरमधली हवा आपोआप महिन्याला एक-दोन पौंडांनी कमी होते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासावी, तीही सकाळी, टायर थंड असताना. तापमान १० अंशांनी वाढले की दाब सुमारे २ पौंडांनी वाढतो, म्हणून गरम टायर पाहून हवा काढू नये. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. स्टेपनीतली हवा तपासायला बहुतेक लोक विसरतात आणि गरज पडते तेव्हा तीही बसलेली निघते.

टायरचे वय पाहायचे असेल तर बाजूला चार अंक शोधा. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. झीज पाहायची असेल तर खाचांमध्ये लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच राहिली, की तो बदलायचाच.

आणि चालत्या गाडीत टायर फुटला तर? ब्रेक जोरात दाबू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, गाडी सरळ ठेवून वेग आपोआप कमी होऊ द्यावा आणि मग डावीकडे घ्यावी. चारही इंडिकेटर लावावेत, मागे त्रिकोण ठेवावा, मुलांना आणि वृद्धांना डाव्या दाराने उतरवून रस्त्यापासून दूर उभे करावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कोठेही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. हे दोन क्रमांक मुलांना पाठ करवा.

शाळेच्या बसविषयी

विश्वस्त मंडळींपैकी काहींनी विचारले की शाळेच्या बसला असे टायर लावता येतील का. वर सांगितलेले जाड भिंतीचे रन-फ्लॅट हे कारसाठीचे आहेत. मोठ्या बसला मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असतात, एक बसले तरी दुसरे काही काळ भार सांभाळते. पुढची चाके मात्र एकेकटी असतात. म्हणून बसचे सर्वांत चांगले टायर नेहमी पुढे असावेत, हवेची आणि झिजेची नोंद दर आठवड्याला वहीत व्हावी आणि ती वही विश्वस्तांनी मागून पाहावी अशी माझी विनंती आहे. नव्या तंत्रावर खर्च करण्याआधी ही वही नीट चालू राहिली तर मुलांची सुरक्षितता जास्त वाढेल.

विद्यार्थ्यांसाठी कृती

इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी घरच्या सायकलवर एक प्रयोग करून पाहावा. मागचे चाक ओले करून आलेख-कागदावर टेकवा. एका मित्राने सीटवर बसावे आणि दुसऱ्याने सायकल धरून ठेवावी. कागदावर उमटलेल्या ओल्या ठशाचे चौरस मोजून क्षेत्रफळ काढा. मग थोडी हवा काढून तेच पुन्हा करा. ठसा मोठा होतो की लहान? असे का होते, हे या लेखाच्या सुरुवातीच्या गणितावरून स्वतःच्या शब्दांत लिहा आणि विज्ञानाच्या सरांना दाखवा.

पुढच्या सुट्टीत गाडी दारात उभी राहील तेव्हा सामान चढवण्याआधी मुलांनी वडिलांना किंवा आईला हवा तपासल्याची आठवण करावी. मग प्रवास नाशिकचा असो की पुण्याचा, सर्वांना शुभेच्छा.

आपला,
मुख्याध्यापक